प्रकाशाचा नाद आणि संगणकाची साक्ष



अंधाऱ्या खोलीत पेटत्या विजेरीवर तळहात ठेवला की बोटे लालबुंद दिसतात; परंतु आतील हाडांची आकृती काही दिसत नाही. प्रकाश हातातून पार होतो, पण सरळ जात नाही. पेशीपेशींवर आपटत तो धुक्यातील किरणासारखा विखुरतो, आणि त्वचेखाली सुमारे एक मिलिमीटर अंतर गेल्यावर त्याची मूळ दिशा हरवलेली असते. सोनोग्राफीत वापरला जाणारा श्राव्यातीत ध्वनी मात्र शरीरात फारच कमी विखुरतो. त्याची अडचण निराळी आहे. त्याला रंग कळत नाहीत, आणि रक्तात प्राणवायू किती आहे हे तर रक्ताच्या रंगावरूनच ओळखावे लागते. प्रकाशाला दृष्टी आहे पण चालता येत नाही. ध्वनीला चालता येते पण दृष्टी नाही. जुन्या दर्शनकारांचा अंधपंगुन्याय येथे अक्षरशः लागू पडतो.

या दोघांची सांगड घालणारा निसर्गनियम नवा नाही. इ. स. १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना असे आढळले की, खंडित केलेला सूर्यप्रकाश पातळ पदार्थावर पाडला असता त्यातून ध्वनी उमटतो. पदार्थ प्रकाश शोषतो, तापतो, प्रसरण पावतो आणि त्या प्रसरणाची लहर ध्वनिरूपाने बाहेर पडते. आकाशातील विजेमागून येणारा गडगडाट हे हवेच्या अशाच आकस्मिक प्रसरणाचे विराट रूप होय.

प्रकाशध्वनी प्रतिमांकनात हीच क्रिया शरीराच्या आत घडविली जाते. काही अब्जांश सेकंद टिकणारा लेसरचा स्पंद त्वचेवर सोडला जातो. रक्तातील हीमोग्लोबिन तो शोषते. तेथील तापमान अंशाच्या हजाराव्या भागाने वाढले, तरी सुमारे आठ मिलिबार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एक शतांशाहून थोडा कमी, इतका दाब निर्माण होतो. त्याची लहर सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने निघते. पंधरा मिलिमीटर खोलीवरून ती सेकंदाच्या एक लक्षांश भागात त्वचेपर्यंत पोहोचते. वीज चमकल्यानंतर सेकंद मोजून खेडूत तिचे अंतर अजमावतो, तसेच येथे संवेदक रक्तवाहिनीची खोली अजमावतो. प्राणवायुयुक्त आणि प्राणवायुविरहित हीमोग्लोबिन निरनिराळ्या तरंगलांबीचा प्रकाश कमीअधिक शोषत असल्याने, दोन तरंगलांबी वापरून प्राणवायूचेही अनुमान करता येते. स्तनातील गाठींच्या तपासणीसाठी ध्वनी आणि प्रकाश एकत्र वापरणाऱ्या यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२१ मध्ये मान्यता दिली.

असे यंत्र घडविण्यापूर्वी ते संगणकात चालवून पाहण्याची पद्धत आहे. तिला सदृशीकरण, रूढ शब्दांत सिम्युलेशन, म्हणतात. पुण्याजवळ खडकवासला येथे धरणांच्या आणि बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत पाणी खेळविले जाते, हे अनेकांना ठाऊक आहे. हेतू तोच; फरक इतकाच की संगणकातील प्रतिकृती केवळ अंकांची असते.

तिचे दोन भाग असतात. पहिला प्रकाशाचा. प्रकाशाचा एकेक कण कोठे जाईल हे सांगता येत नाही. म्हणून त्याची वाट नशिबावर सोपवितात. १९४६ मध्ये आजारातून उठत असलेले गणितज्ञ स्टानिस्लाव्ह उलाम पत्त्यांचा एकट्याने खेळावयाचा डाव मांडीत असता त्यांच्या मनात आले की, डाव सुटण्याची शक्यता गणिताने काढण्यापेक्षा अनेक डाव खेळून मोजणे सोपे. जुगारघरांसाठी प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लोचे नाव या रीतीला मिळाले. प्रत्येक कणाचे पुढचे पाऊल किती लांब आणि कोणत्या दिशेस, हे यादृच्छिक अंकांनी ठरते. वाटेत त्याचा किती अंश शोषला गेला याचा जमाखर्च ठेवला जातो. अशा लाखो प्रवासांच्या बेरजेतून प्रकाशाचा नकाशा तयार होतो. लिहोंग वांग, स्टीव्हन जॅक्स आणि लिकिओंग झेंग यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली या गणिताची आज्ञावली संशोधकांत सर्वत्र परिचित झाली.

दुसरा भाग ध्वनीचा. शोषलेल्या प्रकाशाचा नकाशा हाच आरंभीच्या दाबाचा आधार. शरीराचे सूक्ष्म चौकोन पाडून प्रत्येकातील दाब क्षणाक्षणाला कसा बदलतो, ते काढीत जावयाचे. ब्रॅडली ट्रीबी आणि बेन कॉक्स यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेली ‘के-वेव्ह’ ही आज्ञावली यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे.

या खटाटोपाचा लाभ कोणता? जिवंत शरीरात आतील सत्य आधी ठाऊक नसते; म्हणून यंत्राने काढलेले चित्र खरे की खोटे, हे पडताळणे कठीण. सदृशीकरणात रक्तवाहिनी कोठे ठेवली आणि तिच्यात प्राणवायू किती घातला, हे सारे ठाऊकच असते. परंतु धोकाही नेमका येथेच आहे. ज्या गणिताने लहरी निर्माण केल्या, त्याच गणिताने त्या उलट वाचल्या, तर उत्तर सुरेख जुळते आणि सिद्ध काहीच होत नाही. परीक्षार्थ्यानेच प्रश्नपत्रिका काढावी, तसे ते होय. गणितज्ञांनी या प्रकाराला ‘गुन्हा’ असेच नाव दिले आहे. म्हणून संगणकातील निष्कर्ष प्रथम जेल, स्निग्ध पायस आणि शाई यांपासून बनविलेल्या कृत्रिम नमुन्यांवर, आणि मग माणसांवर तपासावे लागतात.

त्याहून सूक्ष्म धोका गृहीतकांचा आहे. बाह्यत्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषते. गणितात त्याचे प्रमाण गोऱ्या त्वचेसाठी काही टक्के, तर अतिशय गडद त्वचेसाठी चाळीस टक्क्यांच्या आसपासही धरले जाते. गडद त्वचेखाली प्रकाश कमी पोहोचतो, आणि तोही सर्व तरंगलांबींत सारखा कमी होत नाही. त्यामुळे प्राणवायूचे अनुमान चुकू शकते. सदृशीकरणात एकच गोरी त्वचा धरली, तर संगणक ही चूक कधीच दाखविणार नाही; कारण त्याला ती विचारलेलीच नसते.

ही भीती काल्पनिक नाही. करोनाच्या साथीत घराघरांत पोहोचलेला ऑक्सिमीटर हेही प्रकाशाचेच यंत्र. त्याचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतील रुग्णांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवीत असताना रक्ताच्या प्रत्यक्ष तपासणीत प्राणवायू ८८ टक्क्यांहून कमी भरण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के आढळले. यंत्र सर्वत्र पोहोचल्यानंतर कित्येक दशकांनी हा दोष एवढ्या ठळकपणे पुढे आला, आणि दरम्यान किती रुग्णांच्या उपचाराला विलंब झाला असेल, याचा हिशेब कोणाजवळच नाही.

भारतात तर एकाच कुटुंबात वर्णाच्या चार छटा आढळतात. सदृशीकरणात मेलॅनिन हा केवळ एक अंक असतो. तो बदलून तेच गणित अनेक वेळा करण्यास थोडा वेळ लागतो, पण कोणाचाही जीव धोक्यात येत नाही. येणाऱ्या प्रकाशध्वनी यंत्रांचा हा दोष कारखान्यात पाऊल टाकण्याआधीच शोधता येईल, एवढे सामर्थ्य या विद्येत निश्चित आहे. ते वापरले जाते की नाही, हे मात्र प्रश्न विचारणाऱ्यांवर अवलंबून आहे. नवे यंत्र रुग्णालयात आले की त्याची किंमत आणि वेग यांची चौकशी सर्वजण करतात. ते कोणकोणत्या वर्णांच्या माणसांवर तपासले गेले, हीही चौकशी त्याच वेळी झाली पाहिजे. वाचक-नागरिकांनी तेवढी सवय लावून घेतली, तरी या विवेचनाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.