पोलादी गाडी आणि रस्त्यावरचे प्रेक्षक

रस्त्यानें जाणाऱ्या वाहनाकडे मान वळवून पाहण्याचे प्रसंग शहरवासीयांच्या आयुष्यांत आतां विरळ झाले आहेत. मोटारी इतक्या वाढल्या, आणि त्या एकमेकींसारख्या इतक्या दिसूं लागल्या, कीं शेजाऱ्याची नवी गाडी कोणत्या कंपनीची, हें पाठीमागचीं अक्षरें वाचल्यावांचून सांगणें कठीण. अशा काळांत अमेरिकेंतील रस्त्यांवर एक गाडी अशी आली, कीं तिच्याकडे न पाहतां पुढें जाणें कोणासच साधेना. टेस्ला कंपनीची विजेवर चालणारी ही मालवाहू गाडी ‘सायबरट्रक’ या नांवानें ओळखली जाते. ज्यांचीं मुलें वा नातवंडें नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियांत अगर टेक्सासमध्यें राहतात, अशा कित्येक मराठी घरांत तिचें छायाचित्र पोहोंचलें असेल, आणि ‘हें कपाट रस्त्यावर कसें आलें?’ असा प्रश्नही एखाद्या आजीबाईंनीं विचारला असेल.

आजीबाईंचा प्रश्न अगदींच अस्थानीं म्हणतां येणार नाहीं. या गाडीचें बाह्यांग न गंजणाऱ्या पोलादाचें, म्हणजे स्वयंपाकघरांतील डब्याभांड्यांच्याच कुळांतलें, असून त्याला रंग दिलेला नसतो. त्यामुळें हाताचा ठसा उमटला तर तो पातेल्यावर दिसावा तसा स्पष्ट दिसतो. गोलाई जवळजवळ नाहींच. घडी घातलेल्या जाड पुठ्ठ्याप्रमाणें सपाट पृष्ठभाग एकमेकांस कोनांत भिडलेले, आणि छपराचें टोक कौलारू घराच्या आढ्याप्रमाणें मध्यभागीं वर निघालेलें. हें पोलाद इतकें कठीण, कीं पत्र्याला वळण देणाऱ्या नेहमींच्या यंत्रांत तें दाबतां येत नाहीं, म्हणून आकार असा, असें स्पष्टीकरण कंपनीचे प्रमुख एलॉन मस्क यांनीं दिलें होतें. वजन सुमारें तीन टन.

मागें उघडा हौदा असलेल्या ‘पिक-अप’ जातीच्या गाडीविषयीं अमेरिकन माणसाच्या मनांत जो जिव्हाळा आहे, तो ध्यानांत घेतल्यावांचून या साऱ्या प्रकरणांतील हंसूं आणि राग यांचा उलगडा होत नाहीं. फोर्ड कंपनीनें सन १९२५ मध्यें कारखान्यांतच असा हौदा बसवून गाडी विकण्यास आरंभ केला. किंमत होती २८१ डॉलर. तेव्हांपासून शेतकरी, सुतार, नळकाम करणारा यांची ती सोबतीण. शंभर वर्षांत ती मोठी व महाग झाली, तरी तिचा चेहरामोहरा कुणासही ओळखतां यावा असाच राहिला. गोठ्यांतल्या बैलाच्या जागीं कोणी पत्र्याचा बैल आणून बांधावा आणि ‘हाही औतास चालतो’ असें सांगावें, तसा कांहींसा प्रकार सायबरट्रकनें केला.

तिचें प्रथम दर्शन झालें तें २१ नोव्हेंबर २०१९ रोजीं, लॉस एंजल्सजवळील हॉथॉर्न येथें. खिडकीची कांच फुटत नाहीं हें सिद्ध करण्यासाठीं कंपनीच्या मुख्य आरेखकानें तिच्यावर धातूचा गोळा फेकला आणि कांचेस तडे गेले. मग दुसऱ्या खिडकीवर तोच प्रयोग झाला. तिचीही तीच गत! भर सभेंत झालेल्या या फजितीवर जग मनसोक्त हंसलें. तथापि शंभर डॉलर अनामत ठेवून मागणी नोंदविण्याची सोय होती, आणि आठवड्याच्या आंत दोन लाखांहून अधिक मागण्या आल्याचें मस्क यांनीं सांगितलें. हंसणारे निराळे आणि मागणी नोंदविणारे निराळे, असें समजण्याचें मात्र कारण नाहीं.

प्रत्यक्ष गाड्या गिऱ्हाइकांच्या हातीं पडूं लागल्या त्या ३० नोव्हेंबर २०२३ पासून. प्रथम ३९,९०० डॉलर सांगितलेली किंमत तोंवर वाढून सर्वांत स्वस्त प्रकारास ६०,९९० डॉलर झाली होती. गाडी रस्त्यावर आली आणि तिच्याभोंवतीं जत्रा भरूं लागली. चौकांत ती थांबली कीं शेजारच्या मोटारींतून छायाचित्रें घेतलीं जात. दुकानापुढें उभी केली कीं कोणी अपरिचित गृहस्थ जवळ येऊन बोटाच्या पेरानें पत्रा वाजवून पाही. पोरेंसोरें तर हात हलवून हरखून जात, कारण लहान मुलानें पट्टीनें काढलेल्या मोटारीचें चित्रच त्यांच्यापुढें सजीव होऊन चालत होतें. प्रौढांपैकीं कोणी तिला कचऱ्याची पेटी म्हटलें, कोणी शीतकपाट. कोणी तोंडानें कांहीं न बोलतां बोटांची असभ्य मुद्रा दाखवून मोकळे झाले.

या मुद्रा दाखविणाऱ्यांचा रोख कोणाकडे होता? पोलादास तर अपमान कळत नाहीं. इतर मोटार घेणाऱ्याची आवड-निवड त्याच्या घरापुरती राहते. ही गाडी घेणाऱ्यानें मात्र आपण धनिक आहों, दिखाऊ आहों, अमुक पक्षाचे आहों, असें जणूं चव्हाट्यावर जाहीर केलें, असा बघ्यांचा समज झाला. त्यानें तसें कांहीं म्हटलें होतें कीं नाहीं, हें विचारण्यास कोणी थांबलें नाहीं.

नव्या वाहनाची टवाळी ही गोष्ट जुनीच. इंग्लंडांत सन १८६५ च्या कायद्यानें यंत्रवाहनापुढें लाल निशाण घेतलेला मनुष्य चालविण्याची सक्ती केली होती. अमेरिकेंत बंद पडलेल्या मोटारवाल्यास घोडा आणण्याचा सल्ला वाटसरू हंसत देत. क्रायस्लर कंपनीची सन १९३४ मधील वाऱ्यास अनुकूल बांधणीची ‘एअरफ्लो’ तर तिच्या रूपामुळेंच लोकांस रुचली नाहीं, आणि तीन-चार वर्षांत ती बंद करावी लागली. परंतु हा सारा उपहास बव्हंशीं यंत्राचा होता. एअरफ्लोच्या मालकास कोणी देशद्रोही म्हटलें नाहीं.

सन २०२५ मध्यें चित्र पालटलें. आदल्या वर्षीं मस्क यांनीं ट्रंप यांच्या निवडणुकीसाठीं पंचवीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम खर्चिली होती, आणि जानेवारीपासून सरकारी खर्च व नोकरवर्ग यांच्या कपातीच्या कामांत ते पुढें झाले. ज्यांचा रोजगार गेला त्यांचा संताप खोटा नव्हता. टेस्लाच्या दुकानांपुढें निदर्शनें झालीं. तो लोकशाहींतील सनदशीर मार्गच होय. पण १८ मार्च रोजीं लास व्हेगास येथें कंपनीच्या दुरुस्तिगृहांत उभ्या असलेल्या गाड्यांवर पेटत्या बाटल्या फेकून आग लावण्यांत आली, त्यास कोणतें नांव द्यावें? अन्यत्र उभ्या गाड्यांवर ओरखडे ओढले गेले, रंग फासला गेला. टेस्लाच्या इतर मोटारींच्या कांहीं मालकांनीं बोधचिन्ह काढून दुसऱ्या कंपनीचें लाविलें. कित्येकांनीं, मस्क यांचें रूप कळण्यापूर्वींच आपण ही गाडी घेतली, अशा अर्थाच्या चिठ्ठ्या मागें चिकटविल्या. सायबरट्रकवाल्यास चिन्ह बदलून काय लाभ? तिचा आकार हेंच तिचें चिन्ह.

विशेष हें, कीं ज्या आक्षेपांत खरें तथ्य होतें, ते रस्त्यावरच्या या कोलाहलांत फारसे ऐकूं आले नाहींत. मार्च २०२५ मध्यें छपराच्या कडेची पोलादी पट्टी गोंद सुटून गळून पडूं शकते, म्हणून कंपनीस ४६,००० हून अधिक गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या. पाठीमागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या दृष्टीनें ही बाब क्षुल्लक नव्हे. ब्रिटनमध्यें ही गाडी रस्त्यासाठीं मान्यताप्राप्त नव्हती, आणि जानेवारी २०२५ मध्यें मँचेस्टर परिसरांत पोलिसांनीं अशी एक गाडी जप्त केली. पायीं चालणाऱ्यास तिच्या धारदार कडा लागल्यास काय होईल, हा प्रश्न तेथें विचारला गेला. कचऱ्याची पेटी म्हणून हिणविण्यापेक्षां हा प्रश्न कितीतरी शहाणपणाचा होता.

आणखी एक गोष्ट पाहणाऱ्यांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. या गाडीच्या अंगावर चोहों बाजूंस छायाचित्रक बसविलेले असतात, आणि ती उभी असतांना जवळ येणाऱ्याचें चित्रण त्यांना करतां येतें. टेस्लाच्या गाड्यांवर किल्लीनें ओरखडे काढणारे कित्येक जण असे आपल्याच करणीच्या चित्रांनीं पकडले गेले. मे अखेरीस मस्क सरकारी कामांतून बाहेर पडले. आतां कांहीं मालक पोलादावर रंगीत पापुद्रा चढवून गाडी निळी वा काळी करून घेतात. आकार तोच राहतो, आणि शाळेच्या बसमधील मुलें ती दिसतांच खिडकीकडे धांवतात.