सूत आणि नक्षी



सोलापुरात येऊन मागाविषयी बोलणे म्हणजे मामाला आजोळची वाट सांगण्यासारखे आहे. तरीही घरच्या संगणकातील कशाची प्रत राखावी, या आजच्या प्रश्नाचा आरंभ मी मागापासूनच करतो. जकार्डाच्या मागावर चादरीची नक्षी उठे, ती भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून. उभ्या धाग्यांपैकी कोणते उचलायचे, हे आडव्या धाग्याच्या प्रत्येक खेपेला एकेक पत्ता सांगे. सूत बाजारात पुन्हा मिळते. पत्ते गेले, तर सारी नक्षी नव्याने आखावी लागते.

संगणकालाही हीच कसोटी लावा. विकत घेतलेले प्रोग्रॅम, उतरवून घेतलेले चित्रपट हे सूत झाले. घरची छायाचित्रे, हिशेब, पत्रे, आपण स्वतः लिहिलेले चार शब्द ही नक्षी. जे जगात दुसऱ्या कोणाजवळच नाही, त्याचा मान पहिला.

हे शहाणपण मला उशिरा आले. माझ्या संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली, तेव्हा माझ्याजवळ बॅकअप होता आणि मी निश्चिंत होतो. त्यात सगळे चित्रपट निघाले. आईच्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण मात्र डेस्कटॉपवर राहिले होते, आणि प्रतीसाठी मी निवडलेल्या फोल्डरांत डेस्कटॉप नव्हता. आई आज हयात नाही. चित्रपट शाबूत आहेत.

म्हणून एका संध्याकाळी घरातल्या सर्वांना घेऊन बसा. 'उद्या हे यंत्र बंद पडले, तर तुला कशाचे दुःख होईल?' असे प्रत्येकाला विचारा आणि ती वस्तू कोठे ठेवली आहे, ते शोधा. हिशेबाचा प्रोग्रॅम आपली वही भलत्याच फोल्डरात ठेवतो. पुष्कळशी छायाचित्रे तर फोनमध्येच असतात. एक प्रत वेगळ्या डिस्कवर करून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवा. दुसरी परगावी लेकीकडे द्या. निव्वळ एकमेकांशी जुळवून ठेवलेल्या दोन जागांवर विसंबू नका. एकीकडे पुसले की दुसरीकडेही पुसले जाते. आणि अधूनमधून त्या प्रतीतील एखादी वस्तू उघडून पाहा. उघडून न पाहिलेली प्रत ही केवळ आशा आहे. माझ्याजवळही तेवढीच होती.