पायाच्या शिरा आणि पाण्यातला व्यायाम
(रोडपाली येथे प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज पायाच्या फुगलेल्या शिरांबद्दल बोलू. पोटरीवर निळ्या, वेड्यावाकड्या शिरा दिसतात. संध्याकाळी पाय जड होतात. घोटा सुजतो. पूर्वी आपली माणसे भातलावणीत आणि मिठागरात दिवसभर उभी असत. आता कुणी कळंबोलीच्या लोखंड बाजारात उभे, तर कुणी पहाऱ्यावर. काम बदलले, पण उभे राहणे काही सुटले नाही.

विहिरीचे पाणी रहाटाशिवाय वर येते का? नाही. पायातल्या रक्तालाही वर चढायला जोर लागतो. तो जोर पोटरी देते. आपण चाललो की ती शिरा दाबते आणि रक्त वर ढकलते. शिरांत बारीक झडपा असतात. त्या रक्ताला मागे येऊ देत नाहीत. झडपा सैल झाल्या की रक्त खाली साठते आणि शिरा फुगतात.

मग पाणी काय करते? एका डब्याला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोके पाडा. डबा पाण्याने भरा. खालची धार सर्वांत जोराची येईल. जितके खोल, तितका दाब जास्त. छातीइतक्या पाण्यात उभे राहिले, की घोट्यावर जास्त दाब बसतो आणि मांडीवर कमी. डॉक्टर पायाला घट्ट पट्टी बांधतात, तिचेही काम असेच असते. शिवाय अंगाचा भार सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर येतो. गुडघे दुखणाऱ्यालाही चालता येते.

पाण्यात नुसते उभे राहू नका. कठडा धरून दहा मिनिटे चाला. टाचा दहा वेळा उचला. गुडघे वाकवा. सूज उतरते, पाय हलका होतो. पण फुगलेली शीर त्याने नाहीशी होत नाही, हे ध्यानात ठेवा.

पाणी मात्र स्वच्छ हवे. पोहण्याचा बांधीव तलाव उत्तम. कासाडी नदीचे पाणी कारखान्यांमुळे बिघडले आहे, तिथे उतरू नका. गावच्या तळ्यातही खोली ठाऊक नसताना जाऊ नका. एकट्याने तर मुळीच नको. पायाला जखम असेल तर पाण्यात जाऊ नये. हृदयाचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

तलाव जवळ नसेल तर घरीच भिंत धरून टाचा उचला. रात्री पायाखाली उशी घ्या.

एकच पाय एकाएकी सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागला तर क्षणही दवडू नका. शीर फुटून रक्त आले, तर आडवे व्हा, पाय उंच करा आणि स्वच्छ फडक्याने दाबून धरा. मग डॉक्टरांकडे जा.

आयाबायांनो, पाय लुगड्याखाली झाकून दुखणे बरे होत नाही. घोट्याजवळची कातडी काळी पडते. पुढे जखम होते, आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणून आधीच डॉक्टरांना पाय दाखवा. यात लाज कसली?