टेबलावरचं चेतक

चाकणच्या पट्ट्यात गाडीचा बंपर जसा घडतो, तसेच हेलिकॉप्टरच्या मॉडेलचे सुटे भागही घडतात. वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात भरायचं, थंड झालं की काढायचं. फरक प्लास्टिकच्या जातीचा. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा, मॉडेल पॉलिस्टायरिनचं. मॉडेलचा पातळ गोंद पॉलिस्टायरिनला किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतो. बंपरवर त्याची मात्रा चालत नाही.

आपल्या ओळखीचं चेतक हेलिकॉप्टर घ्या. मूळचं फ्रेंच अलुएत-३. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ते परवान्यावर बनवलं. खऱ्या पंख्याचा व्यास ११.०२ मीटर. १:७२ प्रमाणात तो १५.३ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही!

खरी कसोटी पुढच्या काचेच्या घुमटाची. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने काच पांढुरकी होते. माझा एक घुमट असाच वाया गेलाय. तिथे लाकडाला लावतात तो पांढरा गोंदच बरा.

रंगाचं तंत्र पिंपरीतल्या कुठल्याही डेंटिंग-पेंटिंगवाल्याला विचारा. पॉलिश पेपर, प्रायमर, मग पातळ हात, आणि प्रत्येक हात नीट वाळू द्यायचा.

अन् हो, उभ्या चेतकची तिन्ही पाती वजनाने खाली झुकलेली असतात. मॉडेलची सरळसोट पाती गरम पाण्यात बुडवून, बोटांनी अलगद वाकवा.