हाडांचं इंजेक्शन आणि आपले दात

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या आरोग्य सत्रात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



मिसळ आणि जिलेबी झाल्यावर लगेच दातांच्या डॉक्टरला बोलायला उभं करायचं, ही संयोजकांची युक्ती मला आवडली. पण आज मी किडलेल्या दातांवर बोलणार नाही. विषय जरा गंभीर आहे आणि तो आपल्याच वर्गातून आला आहे.

गेल्या दिवाळीत आपल्या ग्रुपवर एक मेसेज फिरला होता. ‘कॅन्सरनंतर हाडांचं इंजेक्शन घेतलं की जबडा सडतो.’ आठवड्याभरात मला तीन मैत्रिणींचे फोन आले. तिघींचीही स्तनाच्या कॅन्सरची ऑपरेशनं झालेली. त्यातली एक म्हणाली, “मी ते इंजेक्शन घेणारच नाही. एवढं सगळं सोसलं, आता जबडा कशाला घालवू?” तिची परवानगी घेऊनच हे सांगते आहे. तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हा सगळ्यांना सांगते.

आधी हे इंजेक्शन का देतात ते पाहू. स्तनाचे बरेचसे कॅन्सर इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढतात. म्हणून पाळी गेलेल्या स्त्रियांना ऑपरेशननंतर लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोलसारखी गोळी रोज, पाच वर्षं किंवा त्याहून जास्त काळ देतात. ती शरीरातलं इस्ट्रोजेन अगदी कमी करते. कॅन्सरसाठी ते चांगलं, पण हाडांना तेच इस्ट्रोजेन सांभाळत असतं. ते गेलं की हाडं विरळ होतात. मनगट, मणका, खुबा मोडण्याचा धोका वाढतो. म्हणून झोलेड्रॉनिक ॲसिड देतात. ते शिरेतून, साधारण पंधरा मिनिटांत जातं. बहुधा दर सहा महिन्यांनी एकदा, तीन वर्षं. दुसरं औषध डेनोसुमॅब. तेही हाडं जपण्यासाठी सहा महिन्यांनी, पण त्वचेखाली देतात.

झोलेड्रॉनिक ॲसिडच्या गटातल्या औषधांचा आणखी एक उपयोग आहे आणि तो मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २६ चाचण्यांमधल्या १८ हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती एकत्र करून छापली गेली. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये दहा वर्षांत हाडात कॅन्सर उलटण्याचं प्रमाण औषधामुळे ८.८ टक्क्यांवरून ६.६ टक्क्यांवर आलं. स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू १८ टक्क्यांवरून १४.७ वर आले. म्हणजे शंभर जणींमागे सुमारे तीन जणी वाचल्या. इंजेक्शन नाकारताना आपण काय नाकारतो आहोत, हे आधी माहीत हवं.

आता जबड्याचं. मेसेज पूर्ण खोटा नव्हता. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मायामीचे मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी अशी औषधं घेणाऱ्या ३६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या जबड्याचं हाड उघडं पडलं होतं आणि भरून येत नव्हतं. आपल्या हाडांत जुनं हाड काढून नवं भरण्याचं काम सतत चालू असतं. ही औषधं जुनं काढणाऱ्या पेशींना आवर घालतात, म्हणून हाड टिकतं. पण जबड्यात ही दुरुस्ती फार जोरात चालते. त्यावरचं आवरण पातळ, दात थेट हाडातून तोंडात येतात आणि तोंड जंतूंनी भरलेलं. दात काढला की हाडाला जखम होते, दुरुस्ती मंदावलेली असते आणि जंतू तिथे बसतात.

प्रयोगशाळेत पाण्याखाली ठेवलेला पांढरा फॉस्फरस आठवतो ना? एकोणिसाव्या शतकात युरोपात तो काडेपेटीच्या कारखान्यांत वापरायचे. त्याच्या वाफेने कामगारांचे जबडे असेच सडायचे आणि किडके दात असणाऱ्यांना धोका जास्त असायचा. पुढे इंग्लंडमध्ये या कामगारांचे दात तपासण्याचा नियम झाला. १९०६ च्या बर्न करारात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी आली. रसायन वेगळं, पण धडा तोच: आधी दात बघा.

धोका किती? सहा महिन्यांनी एकदा घेणाऱ्यांमध्ये साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी. कॅन्सर हाडात पसरल्यावर हीच औषधं जास्त मात्रेत, अनेकदा दर महिन्याला देतात. तेव्हा धोका वाढतो, तरी बहुतेक ठिकाणी शंभरात पाचांच्या आतच राहतो. आणि हा धोका बराचसा आपल्या हातात असतो.

म्हणून पहिलं इंजेक्शन ठरलं की आधी दातांच्या डॉक्टरकडे जा. पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढा. वाचणार नाही असा दात, अर्धवट राहिलेलं मूळ, पू धरणारी हिरडी, सगळं तेव्हाच निस्तरून घ्या. दात काढला तर हिरडी भरून यायला तीन-चार आठवडे द्या आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना तसं कळवा. हाडांसाठीच्या इंजेक्शनला तेवढा उशीर बहुधा चालतो, पण तो निर्णय त्यांचा. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत.

आपल्या मैत्रिणीची एक अक्कलदाढ आणि एक मूळ काढलं, दोन दात भरले. पाच आठवड्यांनी तिने पहिलं इंजेक्शन घेतलं. रात्री ताप आला, अंग दुखलं. पहिल्या वेळी असं बऱ्याच जणींना होतं. दोन दिवसांत ती उठून कामाला लागली.

इंजेक्शन सुरू झाल्यावर दातांवर काहीच उपचार करता येत नाहीत, असं समजू नका. सफाई, दात भरणं, रूट कॅनाल चालतं. उलट वेळेवर रूट कॅनाल केलं तर दात काढायची वेळ टळते. दात काढणं, इम्प्लांट बसवणं, हिरडीचं ऑपरेशन मात्र दोन्ही डॉक्टरांचं बोलणं झाल्याशिवाय नको. कवळी टोचत असेल तर लगेच घासून घ्या. टोचणाऱ्या कवळीनेही हाड उघडं पडतं. साखर आटोक्यात ठेवा. आणि आपल्या भागातल्या मैत्रिणींनो, मिश्री सोडा. याहून गोड शब्दांत मला ते सांगता येत नाही.

दोन औषधांतला एक फरक लक्षात ठेवा. झोलेड्रॉनिक ॲसिड हाडात वर्षानुवर्षं राहतं. डेनोसुमॅबचा परिणाम सहा महिन्यांत ओसरतो आणि ते मध्येच बंद केलं तर हाडं वेगाने झिजून मणके मोडू शकतात. तेव्हा ‘दात काढायचा आहे म्हणून या वेळी इंजेक्शन चुकवते’ असं परस्पर ठरवू नका.

कधी धावायचं? काढलेल्या दाताची जागा भरत नसेल, जबडा दुखत किंवा सुजत असेल, पू येत असेल, दात अचानक हलायला लागला, जिभेला खरखरीत हाड लागलं किंवा खालचा ओठ, हनुवटी बधिर झाली, तर त्याच आठवड्यात दाखवा. लवकर सापडलं तर औषधी चुळा, अँटिबायोटिक आणि थोडी सफाई यांवर अनेकदा भागतं.

पुरुष मंडळी आरामात बसली आहेत म्हणून सांगते, प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्येही हीच औषधं देतात. आणि समोर बसलेल्या आमच्या बाईंपैकी काही जणी हाडांसाठी आठवड्यातून एकदा उपाशीपोटी गोळी घेत असतील. त्या गोळीचा धोका याहून फार कमी, दहा हजारांत दोन ते पाच असा आहे. तिला घाबरू नका. फक्त दात काढण्याआधी तिचं नाव सांगा.

दातांच्या डॉक्टरला आपण बीपीची गोळी सांगतो, पण सहा महिन्यांपूर्वी घेतलेलं इंजेक्शन सांगायचं राहून जातं. फाइलच्या पहिल्या पानावर औषधाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. ज्यांच्या घरी, शेजारी कुणी या उपचारातून जात असेल त्यांनाही हे सांगा. शंका असेल तर मला फोन करा. नंबर ग्रुपवर आहेच.