दप्तर आणि बासन



ज्या दप्तरासह आपण या शाळेत आलो, तोच शब्द राजदरबारच्या कागदपत्रांसाठीही वापरला जातो. दोन्हींभोवती पूर्वी कापडच असे. ते कापड किती कामाचे, हे तंजावरला कळते.

तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळी आरंभ झालेल्या या संग्रहाला दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८–१८३२) वैभव आणले. काशीयात्रेतूनही त्यांनी ग्रंथ जमवले. तेथील हजारो पोथ्या ताडपत्रावर आहेत. लोखंडी लेखणीने अक्षरे कोरायची, त्यांत काजळी भरायची, पानांना भोक पाडून दोरी ओवायची, खाली-वर लाकडी फळ्या ठेवायच्या आणि सारे कापडात बांधायचे, अशी ही रीत. संस्कृतात ‘ग्रंथ’ शब्दाच्या मुळाशीही बांधणे हाच अर्थ आहे.

कावेरीकाठच्या दमट हवेत कसर व वाळवी यांचे भय मोठे. त्यावर वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी, काळे जिरे यांची पूड कापरासह लहान पुरचुंडीत बांधून ग्रंथांजवळ ठेवण्याची पद्धत होती. पान, दोरी, लाकूड, कापड, मसाला : यांतले प्रत्येक द्रव्य शेवटी मातीत मिसळणारे, तरीही आतील अक्षर शतके टिकले. आज उलटे घडते. मुलाचा खाऊ पाच मिनिटांत संपतो आणि त्याचे वेष्टन पिढ्यान्‌पिढ्या मातीत पडून राहते.

परंतु नाशवंत वेष्टनाने एवढे टिकवले कसे? पुरचुंडीचा वास उडतो, म्हणून ती बदलावी लागते. कापड विरते, म्हणून नवे बांधावे लागते. त्या निमित्ताने पोथी उघडली जाते, पाने हाताळली जातात. टिकवणारे खरे द्रव्य म्हणजे माणसाचे लक्ष.

‘बासनात गुंडाळणे’ म्हणजे विषय संपवणे, असे आपण म्हणतो. तंजावरचे बासन मात्र पुन्हा उघडण्यासाठीच बांधलेले होते. तेथील मराठी दरबाराची मोडी कागदपत्रे आजही आहेत. ती वाचणारे मात्र थोडे. कापडाने आपले काम केले, वाचकाचे काम उरले आहे.

पालकहो, साठ वर्षे या शाळेने एक भाषा जपून ठेवली. तिचे बासन आता आपल्या घरी आहे. आज रात्री मुलाजवळ बसून एक मराठी पुस्तक उघडा. एवढीच विनंती.