शस्त्रक्रियेनंतरचे किरणोपचार
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले, तेव्हापासून पालघर-बोईसरकडच्या घरांत ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द काहीशा धास्तीनेच उच्चारला जातो. शस्त्रक्रिया झालेल्या कर्करुग्णाला किरण द्यावे लागतील असे कळताच त्याचे ताट-पेला वेगळे काढलेले मी पाहिले आहेत. हे सर्वस्वी निष्कारण होय. बाहेरून यंत्राने दिलेले किरण देहात साठून राहत नाहीत. त्या माणसाने नातवंडाला खुशाल मांडीवर घ्यावे.

आज मी मूत्रपिंडाची पोकळी व तेथून मूत्राशयाकडे जाणारी नळी यांच्या अस्तराच्या कर्करोगाविषयी बोलणार आहे. रोग विरळा, विडी-सिगारेट हे त्याचे एक मोठे कारण. लघवीतून रक्त जाते, पण पुष्कळदा दुखत काहीच नाही. मग ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जाचे पाणी पीत महिने दवडले जातात! शस्त्रक्रियेत बहुधा मूत्रपिंड, ती संपूर्ण नळी आणि मूत्राशयाचा तिला जोडलेला भाग काढावा लागतो.

त्यानंतर सर्वांनाच किरण लागतात असे मात्र नव्हे. ब्रिटनमधील २६१ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत केमोथेरपी सुरू केलेल्यांत रोग उलटण्याचे प्रमाण कमी आढळले. किरणांविषयी इतका भक्कम पुरावा अद्याप नाही. काढलेल्या भागाच्या कडेला रोग उरला असेल, किंवा तो जवळच्या लसीकाग्रंथींत पोचला असेल, तर तज्ज्ञ त्यांचा विचार करतात. आतडी शेजारी आणि मूत्रपिंड उरलेले एकच, म्हणून मात्रा जपून द्यावी लागते. तेव्हा तपासणीचा अहवाल पुढे ठेवून डॉक्टरांना निःसंकोच विचारावे: कडा स्वच्छ आहे काय? उरलेल्या मूत्रपिंडाला केमोथेरपी सोसेल काय? ते ९० दिवस भरभर सरतात.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले आणि १९६२ पासून ते अणुशक्ती खात्याकडे आहे. तारापूरचे केंद्रही त्याच खात्याचे. किरण आठवड्यातून पाच दिवस, असे काही आठवडे घ्यावे लागतात. बोईसरहून रोजची ये-जा अशक्त माणसाला झेपत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करुग्णांची सोय होते. पण सर्व भार तिच्यावर का टाकावा? मुंबईत राहणाऱ्या ज्या ज्ञातिबांधवांना पाच-सहा आठवडे एक खोली देता येईल, त्यांनी आजच चिटणिसांकडे आपली नावे नोंदवावीत, एवढी माझी विनंती आहे.